मामंजींची काळी सायकल: दुरुस्ती, भंगार की शेजारची गिअरवाली?

एका वाचक भगिनीचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आमचं गाव गोव्यातल्या साखळी शहरापासून साडेचार किलोमीटरवर आहे. मुलगा अकरावीत गेला, हायर सेकंडरी साखळीलाच. सकाळी बस मिळते, पण संध्याकाळी क्लास सुटल्यावर बस नसते आणि रोज पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करून येणं परवडत नाही. घरात मामंजींची काळी अ‍ॅटलस सायकल आहे. ते तिच्यावरून खाणीवर जायचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हापासून ती पडवीत उभी आहे. चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) साखळीच्या एका दुकानदाराला दाखवली. त्याने यादी दिली: टायर-ट्यूब दोन्ही १,१००, दोन नव्या रिम तारांसकट १,२००, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) ५००, बीबी, कॉटर (पायडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ), छर्रे ३००, रंग ७००, सीट ३००, मजुरी ५००. एकूण ४,६००. माझ्याकडे गृह आधारचे (गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे) दोन महिन्यांचे साठवलेले ३,००० आहेत. नवी साधी सायकल म्हापशाला ६,८०० सांगितली. शेजारी एक जुनी गिअरवाली, शॉकरची सायकल ३,५०० ला देतो म्हणतात, फक्त तिचे गिअर अडकतात. मुलाला ती हवी आहे. आमचे हे म्हणतात, काळी भंगारात द्या, ती कंपनीसुद्धा बंद पडली, भाग कुठून मिळणार? मामंजी काही बोलत नाहीत, पण दुकानदार गेल्यावर दोनदा विचारलं, "काय म्हणाला तो?" मी काय करू?

ताई, दुकानदाराची यादी तुम्ही जशीच्या तशी लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. ती दोनदा वाचली. तिच्यात टायर आहेत, रंग आहे, सीट आहे. ब्रेक नाहीत. इतकी वर्षं उभ्या असलेल्या सायकलीच्या ब्रेकची रबरं दगडासारखी झालेली असणार, आणि तुमच्या बाजूचे रस्ते काही सपाट नव्हेत. दुकानदाराच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. "सगळी करून द्या" म्हटलं की डोळ्यांना जे पटकन दिसतं त्याची यादी होते. पण मुलगा ज्या सायकलीवरून अंधार पडता पडता उतार उतरणार आहे, तिची यादी ब्रेकपासून सुरू व्हायला हवी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्रेम धड निघाली आणि सायकल मुलाच्या उंचीला बसली, तर ही सायकल दुरुस्त करा, आणि ती बहुधा तुमच्या ३,००० रुपयांत होते. फ्रेम धड नसेल, तर तिच्यावर एक रुपयाही घालू नका, मग ती मामंजींची असो की कोणाची. आज तुम्ही टायर, रंग, सीट यांचा हिशेब करता आहात, आणि ज्यावर सगळं उभं आहे ती फ्रेम कोणी पाहिलीच नाही.

ती बघायला पैसे लागत नाहीत. रविवारी सकाळी तासभर काढा. एक टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, सुतळी, मोजपट्टी आणि मुलगा, एवढं पुरे. मुलगा हवाच. जी सायकल त्याने स्वतः उलटी करून तपासली नाही, ती तो मनापासून चालवणार नाही.

आधी सीट तिच्या दांड्यासकट वर ओढून काढा. निघत नसेल तर नट सैल करून सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर थांबा. हातोडा मारू नका. आपल्याकडच्या दमट हवेत हा दांडा नळीत जाम बसतो, आणि सीट वर-खाली करता येत नसेल तर वाढत्या वयाच्या मुलाला त्या सायकलीचा उपयोग नाही. दांडा निघाला की नळीतून टॉर्च मारून खाली बघा, मग सायकल उलटी करून हलवा. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलांच्या मधल्या आडव्या नळीत, म्हणजे दुकानात जिला बीबी म्हणतात तिथे साचतं. तांबडी भुकटी पडली तर घाबरू नका, ती पडणारच. गंजाच्या पापुद्र्यांसारख्या खपल्या पडल्या, तर मात्र त्या नळीला बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठिकठिकाणी जोर देऊन टोचा. टोक आत गेलं की विषय संपला. या जुन्या काळ्या सायकलींच्या नळ्या जाड पत्र्याच्या असतात, म्हणून बहुतेकदा टोक आत जात नाही. पण टोचून बघितल्याशिवाय ते कळतही नाही.

मग चिरा शोधा. सगळी फ्रेम घासत बसू नका, चीर पडायच्या जागा ठरलेल्या आहेत: हँडलच्या नळीला दोन नळ्या येऊन मिळतात तो सांधा, बीबीभोवतीचे सांधे, सीटखालचा सांधा, आणि मागचं चाक ज्या खाचांत बसतं त्या खाचा. तिथला चिखल ओल्या फडक्याने पुसा. रंगावर केसासारखी बारीक रेघ असेल आणि तिच्यातून गंज पाझरल्यासारखा दिसत असेल, तर तेवढाच रंग खरवडून खालचं लोखंड बघा. रंग खरवडल्यावर रेघही गेली, तर तो नुसता रंगाचा तडा होता. रेघ लोखंडावर राहिली तर ती चीर. मागच्या खाचेजवळची छोटी चीर गॅस वेल्डिंगवाला पितळ घालून सांधू शकतो, ते काम जुनंच आहे आणि टिकतं. हँडलजवळच्या सांध्यात चीर असेल तर सांधत बसू नका. तिथे जोड सुटला तर सायकल चालू असताना सुटतो.

पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, वेगळा बघा. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. हँडलच्या नळीमागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, तर कधीतरी ही सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. अशा वेळी चिमटाही मागे वाकलेला असतो आणि पुढचं चाक तिरप्या नळीच्या फार जवळ येतं. नुसता चिमटा वाकला असेल तर तो बदलता येतो, फार महाग भाग नाही. नळीला सुरकुत्या असतील तर सायकल सोडून द्या.

सुतळीचं काम शेवटी. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेला सुतळी बांधा, ती पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि मागे आणून उजव्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून डावी सुतळी किती दूर आणि उजवी किती दूर, हे मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल, तर आधी दुकानदाराला फ्रेम सरळ करता येते का ते विचारा आणि मगच टायरचे पैसे मोजा, कारण वाकड्या फ्रेमवर नवी चेन आणि नवे टायर दोन्ही लवकर झिजतात.

सायकल उंचीला बसते का, हे बघायचं लोक विसरतात. काळ्या सायकली २२ आणि २४ इंची फ्रेमच्या येतात. ते माप बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं. मुलाला चपला घालून मधल्या आडव्या दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं करा. टाचा जमिनीवर टेकून दांडा आणि अंग यांत थोडी जागा राहायला हवी. मग सीटवर बसवून, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यायला सांगा. पाय सरळ व्हावा, ताणला जाऊ नये. मामंजी उंच असतील आणि फ्रेम २४ ची असेल, तर आज ती मुलाला मोठी पडू शकते. वर्षभराने बसेल म्हणून आज पैसे घालायचे नाहीत. अचानक थांबावं लागलं तर पाय टेकायला हवा.

आणि मामंजींना विचारा. हे मी त्यांचं मन राखण्यासाठी म्हणत नाही. ही सायकल कधी पडली होती का, कुठे जोड दिला होता का, बीबी शेवटची कधी उघडली, चाकं मूळचीच आहेत की बदललेली, हे घरात फक्त त्यांना ठाऊक आहे. खाणीवरच्या रस्त्याने वर्षानुवर्षं ती चालवणाऱ्याला तिचा प्रत्येक आवाज माहीत असतो. त्यांनी "काय म्हणाला तो" असं दोनदा विचारलं, म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. रविवारी त्यांना खुर्ची आणून तिथेच बसवा.

फ्रेम पास झाली असं धरून आता यादीकडे येऊ.

रंगाचे ७०० आधी काढून टाका. गंज खरवडून उघड्या पडलेल्या जागांवर मुलगा स्वतः रेड ऑक्साइडचा हात देईल, वर ऑइल पेंट. पूर्ण रंग करायचा तर सायकल सगळी सुटी करावी लागते, आणि तो खर्च चालायला काही मदत करत नाही. सीटचे ३०० सुद्धा आज नकोत. चामड्याची किंवा रेक्झिनची गादी फाटली असेल तर वर एक कव्हर चढवा. खालच्या स्प्रिंगा तुटलेल्या असतील तरच सीट बदला.

रिमचे १,२०० ही या यादीतली सर्वांत मोठी शंका आहे. गंजलेली दिसली म्हणून रिम बदलायची नसते. टायर काढायचेच आहेत, तेव्हा रिमच्या आतली बाजू उघडी पडेल. तारांची निपलं जिथून आत येतात त्या भोकांभोवती बघा. भोकं गंजून मोठी झाली असतील, भोकाकडून कडेला चीर गेली असेल, किंवा स्क्रूड्रायव्हर टोचला की पत्रा चुरतो असं असेल, तर रिम गेली. नुसता वरचा तांबूस थर असेल तर तो घासून निघतो. परसात आंबट बिंबलांचं झाड असेल तर चार बिंबलं चेचून त्या रसाने घासा, कपड्यांवरचे गंजाचे डाग काढतात तसंच. मग भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कोरडी करा आणि ब्रेकची रबरं लागतात ती जागा सोडून बाकीच्या रिमला तेलाचा हात फिरवा. काळ्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या मध्याकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर दाबले जातात. ती जागा गुळगुळीत आणि तेलाशिवाय हवी. त्यामुळे चाक थोडं डावी-उजवीकडे डुलत असेल तरी ब्रेक लागतो, पण चाक वर-खाली उडत असेल तर रबर मध्येच धरतं आणि मध्येच सुटतं. दुकानदाराला आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढताना हे मुद्दाम सांगा. आणि एखादी रिम बदलावीच लागली, तर पुढची ३२ तारांची आणि मागची ४० तारांची असते, तुमची तारा मोजून घेऊन जा.

चेनचे ५०० द्यावे लागतील की नाही, हे मोजपट्टी सांगेल. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढची २४ वी पीन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. चेन ताणून धरा आणि मोजा. १२ इंचांच्या जवळपास आली, तर चेन गंजून ताठ झालेली असली तरी झिजलेली नाही. डिझेलमध्ये रात्रभर भिजवा, ब्रशने घासा, एकेक सांधा वाकवून मोकळा करा. माप १२ इंचांच्या वर एक अष्टमांश इंच गेलं असेल, तर चेन संपली, आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दातेही. मग दोन्ही एकदमच बदला. जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन दातांवरून उडते.

फ्रीव्हील बदलायचीच वेळ आली तर एक गोष्ट आवर्जून मागा. या सायकलींना बहुधा १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. २० दात्यांचं मिळालं तर ते बसवा. चढणीवर पायावरचा जोर सुमारे एक दशांशाने कमी होतो. सपाटीवर वेग थोडा कमी मिळेल, पण साखळीच्या बाजूला सपाटी आहे किती? मामंजींचे पाय खाणीच्या वाटेवर तयार झालेले होते, मुलाचे अजून व्हायचे आहेत. चढणीवर दम लागून तो उतरून चालायला लागला, तर महिन्याभरात पुन्हा बसची वाट बघत उभा राहील. चेनची लांबी त्या फ्रीव्हीलप्रमाणे ठेवायला सांगा.

बीबी, कॉटर आणि छर्ऱ्यांचे ३०० मात्र बिनतक्रार द्या. आपल्याकडची तांबडी माती, त्यात खाणपट्ट्यातली धूळ, ही ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश कागदासारखं काम करते. इतक्या वर्षांत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असणार. बीबी आणि दोन्ही चाकांचे हब उघडून, धुऊन, नवे छर्रे आणि नवं ग्रीस घालायला लावा. जुने छर्रे चमकत असले तरी परत घालू देऊ नका, ते स्वस्तच असतात. वाट्या आणि कोन, म्हणजे छर्रे ज्यांच्यात फिरतात ते भाग, मात्र बघून ठरवा: छर्ऱ्यांची वाट आरशासारखी गुळगुळीत असेल तर ठेवा, बारीक खड्डे असतील तर बदला. कॉटर नव्या बसवल्यावर सायकल उचलून दोन्ही पायडलं बघा. ती एका सरळ रेषेत हवीत. नसतील तर एक कॉटर उलट्या बाजूने ठोकली आहे किंवा तिचा उतार कमी-जास्त आहे, तिथल्या तिथे बदलून घ्या.

मुलाला घरी हात घालायचा असेल तर जरूर घालू द्या, फक्त एक सांगून ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि बीबीच्या उजव्या बाजूच्या वाटीचेही. तिथे नेहमीसारखं सोडवायला गेलं की आणखी घट्ट होतं, मग पाना घसरतो आणि हात सोलतो.

टायर-ट्यूबवर वाद नाही. एकाच जागी इतकी वर्षं उभं राहिलेलं रबर बाजूने तडकतं, वरून कितीही बरं दिसलं तरी. मात्र टायर चढवण्याआधी रिमच्या आत पट्टी आहे का ते बघा. नसेल तर जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून निपलांवर बसवा. गंजलेल्या निपलाचं टोक नवीन ट्यूबला आठवड्यात भोक पाडतं.

आता ब्रेक. चारही रबरं नवी. दांडे आणि त्यांचे सांधे मोकळे करून घ्या, ब्रेक सोडल्यावर तो स्वतःहून मागे यायला हवा. त्यासाठी दीडशे रुपये बाजूला ठेवा. आणि मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण या एका बाबतीत जुन्या सायकलीला खरंच मर्यादा आहे: लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा लागतो. पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका धरून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, आणि तीव्र उतार असेल तर उतरून चालायचं. साडेचार किलोमीटरच्या वाटेत असा उतार आणि त्याच्या तळाशी वळण किंवा मोठा रस्ता असेल, तर तुम्ही स्वतः एकदा त्याच्याबरोबर ती वाट चालून बघा. खनिजाचे ट्रक जात असतील तर आणखीच. जून ते सप्टेंबर त्याने बसनेच जावं आणि संध्याकाळची सोय वेगळी करावी, असंही ठरवता येईल. त्यात कमीपणा नाही.

हिशेब असा पडतो. टायर-ट्यूब १,१००, चेन-फ्रीव्हील ५००, बीबीचं सामान ३००, मजुरी ५००, ब्रेक १५०. झाले २,५५०. उरलेल्या ४५० मध्ये मागचा तांबडा दिवा, पुढे चार्जिंगचा छोटा दिवा आणि कुलूप. सहा-साडेसहानंतर घरी येणार असेल तर मागचा दिवा सीटपेक्षा महत्त्वाचा. चेन मापात बसली तर ५०० वाचतील आणि एखादी रिम त्यात जवळपास भागेल. दोन्ही रिम गेल्या असतील आणि चेनही गेली असेल, तर खर्च ३,७५० वर जातो. तेव्हा ओढाताण करू नका. फ्रेम चांगली आहे हे तोवर कळलेलं असेल, तर गृह आधारचा पुढचा हप्ता येईपर्यंत थांबा. अर्धवट दुरुस्त केलेली सायकल रस्त्यावर आणण्यापेक्षा महिनाभर उशीर बरा.

कंपनीचा कारखाना बंद पडला ही गोष्ट खरी आहे. अ‍ॅटलस १९५१ साली हरियाणातल्या सोनीपतला सुरू झाली आणि तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. पण भागांची काळजी तुमच्या यजमानांनी करू नये. काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची पिढ्यान्‌पिढ्या सारखीच आहेत. टायर २८ बाय दीडचा, चेन तीच, कॉटर तीच, छर्रे तेच. हीरोचा किंवा हर्क्युलसचा भाग अ‍ॅटलसला बसतो, आणि हे भाग लुधियानातले कितीतरी कारखाने आजही बनवतात. भाग मिळण्याची अडचण खरं तर दुसऱ्या सायकलीची आहे.

ती दुसरी म्हणजे शेजारची. "फक्त गिअर अडकतात" हे वाक्य मला खटकलं. कधी ते नुसत्या गंजलेल्या केबलमुळे होतं आणि थोडक्यात सुटतं. कधी मागचा गिअर ज्या कानाला टांगलेला असतो तोच वाकलेला असतो, आणि मग शिफ्टर, केबल, गिअर असं एकेक करत खर्च वाढतो. स्वस्त सायकलीचे शॉकर म्हणजे आत एक स्प्रिंग. आपल्याकडचे तीन-चार पावसाळे खाल्ले की ती आतून गंजते आणि शॉकर एक तर हलत नाही किंवा खुळखुळतो. वजन मात्र राहतं. ३,५०० म्हणजे तुमच्या बजेटच्या वरच, आणि त्यावर दुरुस्ती आलीच. काळी सायकल फ्रेममध्येच नापास झाली, तरच तिचा विचार करा. तेव्हाही आधी दुकानदाराकडून गिअर का अडकतात ते शोधून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. शेजारी आहेत म्हणून भिडेला पडू नका.

मुलाच्या मनाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो आहे. अकरावीतल्या मुलाला आजोबांची काळी सायकल घेऊन वर्गमित्रांसमोर जायला संकोच वाटणं अगदी साहजिक आहे. त्यावर त्याला संस्कारांचं व्याख्यान देऊ नका. सरळ विचारा, "दुरुस्त केली तर रोज नेशील का?" तो नाही म्हणाला तर ३,००० रुपये पडवीतच उभे राहतील, त्यापेक्षा ते जपून ठेवलेले बरे. पण हा प्रश्न रविवारच्या तपासणीनंतर विचारा, आधी नको. हात काळे झाल्यावर, बीबीतून खपल्या काढल्यावर, आजोबांकडून सायकलीच्या गोष्टी ऐकल्यावर उत्तर बदलण्याची शक्यता मला खूप वाटते. रंगाचा डबा कोणत्या रंगाचा आणायचा, हँडलला ग्रिप कोणत्या लावायच्या, हे त्याला ठरवू द्या. काळी सायकल हिरवी झाली तर मामंजींना काही वाटणार नाही ना, हे त्यांनाच आधी विचारून घ्या.

काम कोणाकडे द्यायचं, यासाठी सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराला विचारा. मागे भरलेली टोपली बांधून जो रोज पहाटे गावोगाव फिरतो, त्याची सायकल बंद पडून चालत नाही. तो जिथे बीबी उघडून घेतो तिथे तुम्ही जा. ज्याने यादी दिली त्याच्याकडे परत गेलात तरी हरकत नाही, फक्त "ओव्हरहॉल करा" म्हणू नका. काय करायचं आणि काय नाही, हे कागदावर लिहून द्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. चांगला कारागीर याने रागावत नाही, उलट गिऱ्हाइकाला समजतं म्हणून मन लावून काम करतो.

सायकल घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस ती तपासणीतच आहे असं समजा. नव्या कॉटर बसतात, तारा सैल होतात, नवी चेन थोडी लांबते. पंधरा दिवसांनी परत नेऊन कॉटरचे नट आवळून घ्या आणि आऊट पुन्हा बघायला सांगा. हे मजुरीतच धरलेलं आहे का, ते आधीच ठरवून घ्या. चेनला तेल आठवड्याला चार थेंब, तेही आतल्या बाजूने, आणि वरचं पुसून टाकायचं. खोबरेल घालू नका, ते चिकटून बसतं आणि माती धरतं. पावसात भिजून आली तर फडक्याने पुसून मगच आत घ्यायची. ग्रीसिंग मृगाच्या आधी एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा.

फ्रेम नापास झाली, तर भंगारवाल्याला अख्खी सायकल देऊ नका. कॅरियर, दुहेरी स्टँड, घंटी आणि मडगार्ड धड असतील तर काढून ठेवा, दुसऱ्या काळ्या सायकलीला ते जसेच्या तसे बसतात. कोणाची वापरलेली २२ इंची मिळते का, तेही पदेराला आणि दुकानदाराला विचारून ठेवा. आणि चीर आहे की रंगाचा तडा, हे रविवारी ठरवता आलं नाही, तर रंग खरवडलेल्या जागेचा उजेडात, अगदी जवळून फोटो काढा आणि मला पाठवा. त्याचं उत्तर येईपर्यंत टायर घेऊ नका.